पूर्ण सहमत

आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुठे ऐकलाय ते काही केल्या आठवेना. रविवारची सकाळ, स्वयंपाकघरातलं टेबल, टेबलावर फोन, आणि फोनमधून एक माणूस बोलत होता. लिफ्टमध्ये कुठला मजला आला ते सांगणाऱ्याचा असतो तसा आवाज. खणखणीत, खुशीतला, समोर कुणी आहे की नाही याची फिकीर नसलेला. त्या माणसाने विचारलं, "माझ्या तासाला न समजलेलं विचारायची तुला भीती वाटते का?" आणि विचारून झाल्या झाल्या, मधे माशी शिरायलाही जागा न ठेवता, तोच म्हणाला, "नाही ना? छान." टेबलाशी बसून ऐकणाऱ्याने कागदावर 'नाही' असं लिहिलं. मग पेन अडलं. त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं, पुन्हा ऐकलं, आणखी मागे नेलं. सगळीकडे तोच माणूस. पोरं मधूनमधून खुर्ची सरकवत होती, एक जण शिंकलाही होता, पण उत्तर म्हणावं असं कुणी काही दिलेलं नव्हतं. बायको केस पुसत आत आली आणि म्हणाली, "बंद कर बाबा त्याला. मघापासून एकटाच बडबडतोय." तो म्हणाला, "एकटा नाही, मुलाखत आहे." ती म्हणाली, "कुणाची?"

या प्रश्नाचं उत्तर चटकन द्यायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्याला जमेना. बायको दातांच्या दवाखान्यात काम करायची. डॉक्टरांच्या हातात हत्यारं देणं, नळी धरणं, लहान मुलांना खोटं सांगणं. तिने टॉवेल खुर्चीवर टाकला आणि उभ्याउभ्याच आणखी एक मुलाखत ऐकली. "आमचे डॉक्टर असंच विचारतात," ती म्हणाली. "पेशंटच्या तोंडात आरसा, नळी, वर कापूस. आणि विचारतात, दुखत नाही ना? पेशंट म्हणतो, ऑ. डॉक्टर म्हणतात, गुड." "मी कुणाच्या तोंडात काही घातलेलं नाही," तो म्हणाला. "तसं कसं," ती म्हणाली, "उत्तर घातलंस की." आणि ती टॉवेल वाळत घालायला निघून गेली. दवाखान्यातली माणसं अशीच असतात. दात काढतात आणि पुढच्याला बोलावतात.

शाळेत तो हंगामी होता. म्हणजे नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत तेच त्याचं नाव पडलं. 'हंगामी आले का?' 'हंगामींना चहा द्या.' जणू तो टरबूज होता आणि उन्हाळा सरला की बाजारातून उठणार होता. कायमची जागा एकच निघाली होती, आणि मुख्याध्यापकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वर्गात एखादं कृतिसंशोधन करा, समितीपुढे चांगला अहवाल ठेवा, समितीला काहीतरी निमित्त लागतं. विषय त्यानेच निवडला: गणिताच्या तासाला प्रश्न विचारण्याची भीती. आधी प्रश्नावली, मग थोड्या मुलांच्या मुलाखती. प्रश्नावलीत प्रत्येक वाक्यापुढे पाच रकाने होते. 'मला सरांचं शिकवणं समजतं.' 'शंका आली तर मी लगेच विचारतो किंवा विचारते.' साऱ्या आठवीने, झाडून साऱ्यांनी, पहिल्याच रकान्यात खूण केली. पूर्ण सहमत. खुणाही सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. त्याला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण दोन माणसांचं एवढं एकमत त्याने कुठे पाहिलं नव्हतं. त्याचं आणि बायकोचं पंखा किती जोरात असावा यावरही नव्हतं. पण त्याने तक्ता काढला, तक्त्यात एकच उंच खांब उभा राहिला, आणि त्याला त्याने हिरवा रंग दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "वा, दीपस्तंभच." त्याच आठवीतली निम्मी मुलं घटक चाचणीत नापास झाली होती. ते निकालपत्र आणि हा खांब एकाच पिशवीत शेजारी शेजारी राहत होते, आणि इतके दिवस दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नव्हती.

दुपारभर तो गादीवर पडून छताकडे पाहत राहिला आणि फोनमधल्या त्या माणसाचा आवाज आपल्या गळ्यात कुठून आला असेल याचा माग काढत राहिला. आईचा नव्हता; आई बोलायचीच नाही, भांडी तिच्या वतीने बोलायची. राहता राहिले वडील. वडील शिंपी होते. दुकान म्हणजे एक आरसा, एक यंत्र आणि एक पडदा. पडद्यामागून गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कपडा घालून यायचं आणि हात पसरून उभं राहायचं. वडिलांच्या ओठांत टाचण्या असत. सगळा वेळ असत. त्यामुळे गिऱ्हाइकाशी ते बोलूच शकत नसत, नुसतं "हं?" करत, आणि त्या एका हुंकारावर माणसं कुठल्या कुठे वाहत जात. एकाने पँटची लांबी सांगता सांगता भावाशी अबोला कसा पडला ते सांगितलं होतं. एक जाडजूड बाई ब्लाऊजच्या पाठीच्या मापाला उभी राहिली आणि म्हणाली, मला मुळात हे लग्नच करायचं नव्हतं. वडिलांनी "हं?" केलं आणि टाचणी लावली. गल्लीतली सगळी गुपितं वडिलांच्या पोटात होती, आणि त्यात वडिलांची कर्तबगारी एवढीच की त्यांचं तोंड मोकळं नव्हतं. मात्र मुलाचा शर्ट शिवला की ते टाचण्या काढून डबीत ठेवत, दोन पावलं मागे सरत आणि अभिमानाने विचारत, "मस्त बसलाय ना?" आणि तो म्हणायचा, हो. काखेत शर्ट काचायचा. दर वर्षी काचायचा, दर वर्षी तो म्हणायचा हो, आणि वर्षभर हात अंगाला चिकटवून हिंडायचा. शाळेत त्याला पेंग्विन म्हणत. आपण वडिलांना भ्यायचो, अशी त्याने आजवर स्वतःची समजूत घालून ठेवली होती. आता छताकडे पाहताना ती समजूतही थोडी काचू लागली. वडील रागीट नव्हते. त्यांनी कधी हात उगारला नव्हता. मग भ्यायचो ते नेमकं कशाला? छताने उत्तर दिलं नाही. छत चांगलं मुलाखतकार झालं असतं.

सोमवारी पहिला तास सुटल्यावर तो मुख्याध्यापकांकडे गेला. मुख्याध्यापक बोटाने टेबलावरची काच पुसत होते; काचेखाली निवृत्त झालेल्या शिक्षकांचे फोटो होते आणि त्यांना ते अधूनमधून स्वच्छ करत. "मुलाखती पुन्हा घ्यायच्यात," तो म्हणाला. "का? त्या हरवल्या का?" "नाही. सापडल्या." मुख्याध्यापकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे बघा हंगामी, झालेलं काम परत करणारा माणूस मला सरकारी खात्यातही भेटलेला नाही. अहवाल छान आहे. खांब छान आहे. समिती शुक्रवारी बसतेय." "मुलांनी उत्तरं दिलेलीच नाहीत, सर. मीच दिली." "मग चांगलंच ना, चुका कमी असतील." आपण विनोद केला हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात आलं नसावं, कारण ते हसले नाहीत. मग म्हणाले, "आणि उलटंच काही निघालं तर?" "तर उलटं लिहीन." "या जागेवर आणखी दोघं टपून बसलेत. त्यांचे खांबही हिरवेच आहेत." "असू देत." "बायकोला विचारलंत?" "तिनेच सुरुवात केली." मुख्याध्यापकांनी मान हलवली आणि पुन्हा काचेकडे वळले. ग्रंथालयाची किल्ली मात्र दिली.

किल्ली हातात आली, पण आवाजाचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. आपण गप्प बसायचं असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पण गप्प बसणं ही त्याला न जमणारी गोष्ट होती, जशी काहींना शिट्टी जमत नाही. समोर शांतता पडली की त्याच्या आत एक घाबरट नोकर धावत येऊन ती उचलायचा. त्याने यावर जिद्दीने विचार केला, आणि शाळेबाहेरच्या औषधांच्या दुकानातून खोकल्याच्या गोळ्यांचं एक मोठं पाकीट आणलं. गोळी चांगली जाड, गालात धरली की जीभ जागेवर राहायची. नियम असा, की प्रश्न विचारायचा, गोळी तोंडात टाकायची, आणि ती विरघळेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. शास्त्रशुद्ध होतं. टाचण्यांपेक्षा गोड होतं.

पहिला आला तो वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. प्रश्न ऐकून तो ताठ बसला आणि सर काय म्हणतात याची वाट पाहू लागला. सर चोखत होते. मुलगा आणखी ताठ झाला. शेवटी हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला बरं नाही का?" सरांनी मान हलवली. "मग आमच्यावर रागावलात?" पुन्हा मान. मुलाने खिशातून हातरुमाल काढून कपाळ पुसलं आणि सांगून टाकलं की प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं मागच्या वर्षी त्यानेच फोडलं होतं. पुढची मुलगी आली. तिने सांगितलं की तिची मावशी घर सोडून गेली आहे आणि घरात हे कुणाशी बोलायचं नाही असं ठरलंय. तिसऱ्याने एक गोळी मागितली. दोघं समोरासमोर बसून चोखत राहिले, आणि गोळी संपल्यावर तो म्हणाला, "सर, मला आवडली मुलाखत." दिवस संपला तेव्हा त्याच्याकडे अर्ध्या आठवीची पापं आणि दुःखं जमा झाली होती, घसा झकास सुटला होता, आणि गणिताबद्दल एक अक्षर नव्हतं. घरी बायकोने विचारलं, "कसं झालं?" त्याने सवयीने तोंड मिटून ठेवलं. ती बोलत गेली. दवाखान्यात आज काय झालं, डॉक्टर तिला सगळ्यांदेखत कसे बोलले, ती नोकरी सोडायचा विचार कधीपासून करतेय. हे 'कधीपासून' ऐकून त्याला धक्काच बसला. तिने आधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि तो 'होईल गं ठीक' म्हणून मोकळा झाला होता? तो अंधार पडेपर्यंत ऐकत राहिला. शेवटी ती म्हणाली, "आज तू अगदी वेगळाच आहेस. तोंडात काय आहे?"

दुसऱ्या दिवशी खिडकीवाली आली. खिडकीवाली म्हणजे शेवटच्या बाकावर खिडकीशी बसणारी ती मुलगी. वर्षभरात तिचा आवाज त्याने हजेरीपुरताच ऐकला होता. 'हजर'. तोही अर्धा. चाचणीत ती नापास होती, प्रश्नावलीत पूर्ण सहमत होती, आणि या दोन्हींच्या मधे ती शांतपणे बाहेरच्या भिंतीवर काम करणाऱ्या रंगाऱ्यांकडे पाहत बसायची. आता ग्रंथालयातल्या लाकडी खुर्चीत बसून ती फोनकडे पाहत होती. त्याने प्रश्न विचारला. गोळी टाकली. कपाटांमधून जुन्या कागदांचा कोंदट वास येत होता. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मुलगी काही बोलेना. ती घाबरलेलीही दिसेना. बाजारात भाव ऐकून माणूस मनात हिशेब करतो तसं तिचं चाललं होतं. त्याच्या आतला नोकर धावत आला, दाराशी उभा राहिला, जीभ वळवळू लागली, त्याने गोळी दाताखाली घट्ट धरली. डोळ्यांत पाणी आलं.

"हे बंद करता येईल का?" मुलगी म्हणाली.

त्याने फोन बंद केला.

"भीती नाही वाटत," ती म्हणाली. "तुमची कुणालाच नाही वाटत."

हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण का कोण जाणे थोडा अपमानच वाटला.

"पण तुम्ही म्हणाला होतात ना," ती म्हणाली, "ते कागद वाटताना. की मुलांनो, नीट विचार करून लिहा, माझ्या पोटावर पाय देऊ नका. मग मधल्या सुट्टीत आमचं ठरलं."

गोळी अख्खी घशात गेली. तो खोकला, पाठीवर मारायला ती उठली, त्याने हातानेच तिला बस म्हटलं. असं तो म्हणाला होता? म्हणाला असेल. तो दिवसभरात काय काय म्हणत असे. विनोद हा त्याचा स्वभावच होता. वर्गात शिरताना एक, फळा पुसताना एक, आणि पोरं हसली की त्याला वाटायचं तास रंगला. "अगं, गंमत केली होती," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली, "पण शिपाईकाका म्हणाले की खरंच तुमची नोकरी पक्की नाहीये. म्हणून मग सगळ्यांनी पहिल्या रकान्यात खूण करायची, असं ठरलं." "सगळ्यांनी कबूल केलं?" "एक जण तयार नव्हता. म्हणाला, मला खरंच काही समजत नाही, मी खोटं कशाला लिहू. मग त्याला समजावलं." "काय, गणित?" "नाही. तुमचं घर कसं चालेल ते."

समोरच्या कपाटाची काच त्याला त्याचा चेहरा दाखवत होती, आणि तो फोनमधल्या माणसाचा नव्हता. भीती, भीती म्हणून त्याने एवढा तक्ता उभा केला, आणि तळाशी निघाली ही दया. आठवीच्या पोरांनी मधल्या सुट्टीत खेळ सोडून, घोळका करून, त्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं. दर तासाला 'समजलं ना?' असं तो विचारायचा, तेव्हा पोरं हो म्हणायची ती घाबरून नव्हे. एवढ्या उत्साहात असलेल्या माणसाला कसं दुखवायचं म्हणून. वडील दोन पावलं मागे सरले की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं, त्यासाठी तोही वर्षभर काखेतला काच सोसायचा. भीतीवर निदान इलाज असतो, आवाज खाली आणता येतो, छडी मोडून टाकता येते. ही पोरं आपल्यावर माया करतात आणि म्हणून नापास होतात, हे समितीपुढे कुठल्या रकान्यात घालायचं?

"मग हे तुम्ही लिहिणार?" ती म्हणाली.

"हो."

"लिहिलं तर तुम्हाला काढतील?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. जिभेवर तयार होतं, गंमतीच्या कपड्यात, आणि बाहेर पडलं असतं तर ती हसलीही असती. "काढतील बहुतेक," तो म्हणाला.

"मग नका लिहू," ती म्हणाली. "मी सांगितलंच नाही असं समजा."

ती उठलीच. पिशवी खांद्याला अडकवली. तो तिला अडवायला काहीतरी बोलणार होता, पण बोलून आजवर काय झालं होतं ते दोघांनाही माहीत होतं. त्याने तिची रिकामी खुर्ची आपल्या बाजूला ओढली, समोरासमोर होती ती शेजारी शेजारी केली, एक कोरा कागद मधे ठेवला आणि पेन तिच्या बाजूला. मग बसून राहिला. ती दारात उभी. बादलीवाला परत आला, परत गेला. त्याच्या तोंडात आता गोळीही नव्हती, आणि तरी तो गप्प होता, आणि आतला तो नोकर कुठेतरी बसकण मारून झोपला असावा.

"मी रागावणार नाही, असं सांगायचा माझा विचार होता," शेवटी तो म्हणाला, "पण तुम्हाला त्याची काळजीच नाहीये. तर तेही राहू दे. माझी नोकरी मी बघतो, ते काम माझं. तुमच्या कुणाच्या माथी ते घालायला नको होतं. चुकलं माझं. आता एवढंच सांग, तुला कुठपर्यंत समजलं होतं?"

ती येऊन बसली. पेन उघडलं, मिटलं, उघडलं. "वजा गुणिले वजा," ती म्हणाली, "बरोबर अधिक. ते का?" त्याने तोंड उघडलं. नियम त्याला पाठ होता, वर्षानुवर्षं तो फळ्यावर लिहीत आला होता, त्यावर त्याचा एक विनोदही होता, दोन भांडकुदळ सुनांचा. "का ते मलाही नीट सांगता येणार नाही," तो म्हणाला. "शोधून सांगतो." तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं, आणि त्या पाहण्यात दया नव्हती. "तुम्हालाही येत नाही?" ती म्हणाली, आणि एकदम मोकळी होऊन पेन कागदावर टेकवलं. "मग मागचंही विचारते. वजा संख्याच मला कळली नव्हती. म्हणजे शून्याच्या खाली असतं काय? आणि त्याच्या आधी ते वर खाली आकडे..." ती मागे मागे जात राहिली, आठवीतून सातवीत, सातवीतून सहावीत, त्याच्या आधीच्या सरांच्या काळात, त्यांच्या आधीच्या बाईंच्या काळात. प्रत्येक वळणावर कुणीतरी समजलं ना म्हणून विचारलेलं होतं आणि ती हो म्हणाली होती, कारण त्या बाईंच्या घरी आजारपण होतं, ते सर निवृत्त व्हायला आले होते. शेवटी ती कागदावर काढलेल्या एका गोल भाकरीसारख्या वर्तुळापाशी येऊन थांबली. त्याचे चार भाग करून एकात रेघा मारल्या होत्या. "इथपर्यंत," ती म्हणाली. "इथपर्यंत मला सगळं येतं." घंटा झाली. दोघंही उठले नाहीत.

त्यानंतर त्याने बाकीच्यांना पुन्हा बोलावलं, एकेकाला, शेजारी बसवून, कोऱ्या कागदासकट. नोकरीचं आधीच सांगून टाकलं, की राहील किंवा जाईल, तुमच्या खुणांनी काही अडणार नाही. कुणी सातवीत थांबलं होतं, कुणी पाचवीत. हुशार मुलगा नियम सगळे पाठ करून बसला होता आणि कुठेच थांबला नव्हता, कारण तो निघालाच नव्हता. हे सांगताना त्याने पुन्हा कपाळ पुसलं. त्या संध्याकाळी हिरवा खांब त्याने स्वतःच्या हाताने खोडला. त्याच्या जागी वेगवेगळ्या उंचीच्या काड्या उभ्या राहिल्या, आणि खाली त्याने लिहिलं की प्रश्नावलीचा पहिला निकाल रद्द समजावा, कारण संशोधकाने मुलांवर स्वतःच्या पोटाचा भार टाकला होता. बायकोने वाचलं. "पोट शब्द अहवालात चालतो का?" ती म्हणाली. "नाही चालत बहुतेक." "राहू दे मग," ती म्हणाली. "दोघांपैकी कुणाची नोकरी आधी जाते बघू."

शुक्रवारी समितीच्या आधी मुख्याध्यापकांनी अहवाल उभ्याउभ्याच वाचला. काड्यांपाशी बराच वेळ थांबले. "पहिला अजून माझ्या कपाटात आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "अजूनही बदलता येईल." "नको, सर." "ही जागा गेली असं धरून चला." "धरलंय." "वर्ष संपेपर्यंत मात्र आठवी तुमच्याकडेच आहे. तोवर काय शिकवणार? अभ्यासक्रम तर संपत आलाय तुमचा."

"अपूर्णांक," तो म्हणाला, आणि खडू मागून घेऊन वर्गाकडे निघाला.